फ्रीजमधलं जागं दूध

आईचं काढलेलं दूध काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि काही तासांनी दार उघडून बघा. वर पिवळसर दाट थर, खाली पातळ, किंचित निळसर द्रव. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या घरात हमखास घबराट उडते: दूध फाटलं! खरं तर काहीच फाटलेलं नसतं. डेअरीच्या अनेक पिशव्यांतलं दूध यंत्रातून दाबून काढलेलं असतं, त्यातले चरबीचे गोळे फोडून सगळीकडे सारखे पसरवलेले असतात. आईच्या दुधाला असं कुठलं यंत्र लागलेलं नाही. त्यातली चरबी हलकी, म्हणून वर येते. खाली केसिन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण उरतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून ती निळसर झाक. वरच्या थराला साय समजून चमच्याने बाजूला काढणारी एखादी प्रेमळ आजी घरात असेल तर तिला वेळीच थांबवावं, कारण बाळाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी जवळपास निम्मे त्या थरात असतात. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की सगळं पुन्हा एक होतं.

पण खरी नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बाटलीतलं ते दूध स्वस्थ बसलेलं नसतं.

त्यात जिवंत पेशी असतात, आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसह. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं. ते दुधातलं लोह पकडून ठेवतं, आणि लोहाविना बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते. लायसोझाइम असतं, जे जिवाणूंच्या भिंतीच फोडतं. हेच द्रव्य आपल्या अश्रूंतही असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी, १९२२ मध्ये, त्याचा शोध जाहीर केला होता. गाईच्या दुधात ते नावापुरतंच. आईला झालेल्या आजारांची आठवण बाळगणारी प्रतिपिंडं असतात. आणि दीडशेहून अधिक प्रकारच्या अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत! लॅक्टोज आणि चरबीनंतर दुधातला सगळ्यात मोठा घन भाग हाच, आणि तो बाळासाठी नाहीच. तो बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या बिफिडोबॅक्टेरियांचं जेवण आहे. आई एकाच वेळी बाळाला भरवते आणि त्याच्या पोटातल्या पाहुण्यांनाही.

दूध साठवण्याचे नियम या अंगाने वाचले तर ते रुक्ष राहत नाहीत. ताज्या दुधात जिवाणू असतातच, दूध निर्जंतुक नसतं. पण हे पहारेकरी त्यांना पहिले काही तास डोकं वर काढू देत नाहीत. म्हणून २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत ताजं दूध चार तास चालतं असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते. इथे मराठी वाचकाने ‘खोलीचं तापमान’ या शब्दांवर जरा थबकावं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा हा चार तासांचा हिशोब आपल्या खोलीला लागू नाही. तिथे दूध काढलं की थेट फ्रीजमध्ये, तेही दारात नाही तर आत, मागच्या बाजूला. दार प्रत्येक उघडझापीला तापतं.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका कुणाला नव्याने सांगायला नको. पण एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही: ती गडावर दूध विकायलाच गेली होती. गाईचं दूध घागरीत बसून गड चढू शकत होतं. तिचं स्वतःचं दूध मात्र तिच्याशिवाय घरच्या तान्ह्या बाळापर्यंत पोहोचणार नव्हतं, म्हणून गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तिला कडा उतरावा लागला. आज एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली खरी, पण घरकाम करणारी, शेतावर किंवा दुकानात राबणारी बाई तेवढे दिवस घरी बसू शकत नाही. तिच्यासाठी काढून ठेवलेलं दूध ही चैन नव्हे.

आता आपल्या स्वयंपाकघरातली एक जुनी सवय. घरात दूध आलं की आधी ते तापवायचं. गोठ्यातून, किटलीतून, दहा हातांतून आलेल्या दुधासाठी ही सवय अगदी बरोबर. पण आईचं दूध त्या दहा हातांतून आलेलं नसतं. ते उकळलं तर जिवाणू मरतील, आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारेही.

मग दुग्धपेढीत ते का तापवतात? कारण तिथे एका आईचं दूध दुसऱ्याच्या बाळाला जायचं असतं, आणि ते बाळ बहुधा अपुऱ्या दिवसांचं, किलो-दीड किलोचं. जगातली पहिली दुग्धपेढी १९०९ मध्ये व्हिएन्नात सुरू झाली, आणि ती सुरू करणारा माणूस होता थिओडोर एशेरिश. पोट बिघडवणाऱ्या ज्या ई. कोलायचं नाव आपण ऐकतो, त्यातलं ‘ई’ म्हणजे हाच गृहस्थ. बाळांच्या आतड्यातले जिवाणू आयुष्यभर न्याहाळणाऱ्याला आईच्या दुधाचं मोल कळावं, यात नवल नाही. आशियातली पहिली पेढी आपल्या मुंबईतली: शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. अशा पेढ्यांत दात्या मातेच्या रक्ताच्या चाचण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर बरोबर ३० मिनिटं ठेवून झटकन गार करतात, त्यात जिवाणू उरले नाहीत ना हे तपासतात आणि मग उणे २० अंशांवर गोठवतात. या तापण्यात जिवंत पेशी जातात, लॅक्टोफेरिन बरंचसं जातं. प्रतिपिंडांचा मोठा भाग तगतो आणि त्या न पचणाऱ्या शर्करांना तर काहीच होत नाही. उकळणं आणि ६२.५ अंश यांच्यातली ही दरी शोधून काढणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. मरायला हवं ते मरेल आणि वाचायला हवं ते शक्य तितकं वाचेल, इतकीच आच. घरी, स्वतःच्या बाळासाठी, हा खटाटोप लागत नाही.

फ्रीजमध्ये चार अंशांना दूध चार दिवस टिकतं. आपल्याकडचे अनेक डॉक्टर २४ तासच सांगतात, आणि वीज जाण्याचा, फ्रीज सतत उघडण्याचा अनुभव असलेल्या घरात तो सल्ला मला शहाणपणाचा वाटतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर तिथे रुग्णालयाचाच नियम चालतो, लेखातला नाही.

फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास येतो. याचीही एक मजेदार कथा आहे. तान्ह्या बाळाचं स्वादुपिंड अजून कच्चं असतं, चरबी पचवायला पुरेसं एन्झाइम ते बनवू शकत नाही. म्हणून दूध लायपेज नावाचं एन्झाइम स्वतःबरोबरच घेऊन येतं. हे लायपेज फ्रीजच्या थंडीतही काम थांबवत नाही. हळूहळू चरबी फोडून त्यातली मेदाम्लं सुटी करत राहतं, आणि साबण बनतो तो मेदाम्लांपासूनच! गोठवलेल्या दुधातही हे अगदी संथपणे चालू असतं. दूध खराब झालेलं नसतं. सुट्या मेदाम्लांना उलट जंतूंशी लढण्याचा गुण असतो. काही बाळं निमूट पितात, काही तोंड फिरवतात. तसं झालं तर दूध तापवून लायपेज मारण्यापेक्षा ते लवकर वापरून टाकणं बरं.

फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, सहा महिन्यांपर्यंत दूध उत्तम राहतं, वर्षापर्यंत चालवून घेता येतं. मात्र गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि त्यात जिवंत पेशी मरतात. चरबीच्या गोळ्यांवरची पातळ आवरणं फाटतात. क जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं. पण प्रतिपिंडं बहुतांशी टिकतात, शर्करा टिकतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून डबा काठोकाठ भरायचा नाही. एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्याबद्दल एक सावधगिरी: तिथे आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत नसेल तर महिन्यांचा हिशोब लावू नये. वीज गेली आणि दूध वितळायला लागलं, पण आत बर्फाचे स्फटिक अजून दिसत असतील, तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण पाणी झालं असेल तर नाही.

डब्यावर तारीख लिहितात, मी म्हणेन वेळही लिहा. रात्री काढलेल्या दुधात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. सकाळच्या दुधात कॉर्टिसॉल अधिक. ज्याला अजून रात्र आणि दिवस कळत नाहीत, त्याला दूध वेळ सांगत असतं.

वितळवायची घाई करू नये. आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवला की सकाळपर्यंत काम होतं, आणि असं संथ वितळताना चरबीही कमी वाया जाते. घाई असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात डबा धरावा. मायक्रोवेव्ह मात्र नको: तो दूध सारखं तापवत नाही, एक घोट गार आणि दुसरा जीभ भाजणारा, शिवाय फार तापलं तर प्रतिपिंडं आणि लायसोझाइम घटतात. वितळलेल्या दुधातले पहारेकरी विरळ झालेले असतात, म्हणून त्याची मुदत ताज्यापेक्षा कमी: फ्रीजमध्ये २४ तास, बाहेर एक ते दोन तास. हे २४ तास डबा खाली ठेवल्यापासून नव्हे, शेवटचा बर्फ विरघळल्यापासून मोजायचे. पाजण्याआधी कोमट करणं ही सोय आहे, सक्ती नाही. गार दूधही चालतं.

आणि बाळाने अर्धं पिऊन ठेवलेलं? त्यात बाळाची लाळ मिसळलेली असते. क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की नवजात बाळाच्या लाळेतले काही पदार्थ आणि ताज्या दुधातलं एक एन्झाइम एकत्र आले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच द्रव्य, आणि ते काही घातक जिवाणूंची वाढ रोखतं. हे घडतं ते बाळाच्या तोंडात, घोटाघोटाला. वाटीत किंवा बोंडल्यात उरलेल्या दुधात मात्र लाळेबरोबर आलेल्या जिवाणूंना वेळ मिळतो, म्हणून ते दोन तासांत संपवावं, नाहीतर ओतून द्यावं. काढून ठेवलेलं दूध ओतताना जिवावर येतं. त्यावर उपाय साठवतानाच करावा लागतो: एका डब्यात ६० ते १२० मिलीलिटरच भरायचं. बाळाला आणखी हवं असेल तर दुसरा डबा काढता येतो.