जहाजापर्यंतचा रस्ता

आमच्या घरची चूल तीस-बत्तीस वर्षं जहाजांवर पेटली, पण साठीला टेकेपर्यंत आम्ही दोघं एकदाही जहाजात बसलो नव्हतो. ऐकणाऱ्याला हसू येतं. रे रोडला राहणाऱ्याला मात्र यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे जहाज येतं ते तुटायलाच. दारूखान्याच्या किनाऱ्यावर ते चिखलात ओढून घेतात आणि गॅस कटरनं त्याचे तुकडे करतात. १९७१च्या युद्धात नाव कमावलेली ‘विक्रांत’सुद्धा २०१४ मध्ये इथंच भंगारात निघाली. आमचं दुकान याच सामानाचं: पंप, व्हॉल्व्ह, साखळ्या, जाड दोरखंड, केबिनमधल्या खुर्च्या. जहाजाचं हाड न् हाड आम्हाला माहीत, पण चालतं जहाज कसं असतं हे ठाऊक नाही.

आमच्यातला तो बसला नाही, कारण दुकानातून सवड मिळाली नाही. आमच्यातली ती बसली नाही, याचं कारण वेगळं आहे.

तिचं माहेर अलिबाग तालुक्यातलं. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात तिचे नाना होते. मय्यत मिळाली नाही, त्यामुळे कबर नाही. तिची अम्मी तेव्हा पाच वर्षांची होती. त्या दिवसापासून त्या घरात ‘बोट’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. लग्न होऊन ती रे रोडला आली. इथून भाऊचा धक्का हाकेच्या अंतरावर. तरी माहेरी जाताना आम्ही नेहमी पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घातला. अम्मी दर वेळी फोनवर विचारायची, “रस्त्यानंच येताय ना?”

अम्मीचा इंतकाल होऊन दोन वर्षं झाली. एका रात्री जेवताना ती अचानक म्हणाली, “एकदा बसून बघू या का?”

पाहुण्यांपैकी काहींनी नाक मुरडलं. एवढ्या पैशात उमरा झाला असता, असं एकानं तोंडावर सांगितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हज आम्ही विमानानं करून आलो आहोत, अल्हम्दुलिल्लाह. आणि बायकोच्या मनातली पंचाहत्तर वर्षांची भीती उतरवणं ही काही चैन नव्हे, असं आम्हाला वाटलं.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ आम्ही बघितल्या. पण तिथली दारू आणि रात्रीचा झगमगाट आमच्या कामाचा नव्हता. लक्षद्वीपला कोचीहून सरकारी प्रवासी जहाजं जातात. थाट नाही, दारू नाही, आणि बेटांवर वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची. तिनं होकार दिला, पण अट घातली: “कोचीपर्यंत आपल्या गाडीनं जायचं. घाई करायची नाही. धक्क्यावर पोचल्यावर मन झालं नाही, तर तिथूनच मागं फिरायचं. कुणी काही बोलायचं नाही.” अट मंजूर झाली. निघताना तिनं दुकानातलं एक नारिंगी लाइफ जॅकेट उचलून डिकीत टाकलं. ते कालबाह्य झालेलं होतं, पण आम्ही तसं सांगितलं नाही.

पुलावरून पूल

फजर पढून निघालो. शिवडीला अटल सेतूवर चढलो. जवळपास बावीस किलोमीटरच्या या पुलाचा मोठा भाग समुद्रावर आहे. तिनं पहिले काही मिनिटं डोळे मिटून घेतले होते. मधेच उघडून म्हणाली, “खाली पाणी आहे हे कळतच नाही.” सफरीतला हा पहिला समुद्र होता, आणि तो तिनं गाडीत बसून पार केला.

महाडजवळ सावित्रीच्या पुलावर मात्र गाडीत शांतता पसरली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बस गेल्या. जयगडची आणि राजापूरची, म्हणजे आपलीच कोकणातली माणसं. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. तो ओलांडल्यावर ती म्हणाली, “अम्मी सांगायची रस्ता सुरक्षित. ही माणसंही रस्त्यानंच निघाली होती.” एवढंच. पण आम्हाला वाटतं, गाठ सुटायला सुरुवात तिथंच झाली. मौत पाण्यावर किंवा रस्त्यावर आपली वाट बघत बसलेली नसते; ती अल्लाहच्या हुकमानं येते. माणसानं उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचं. उंट न बांधणं चूक, तसंच उंट बांधून घराबाहेरच न पडणं हीसुद्धा चूकच.

कशेडीच्या घाटाऐवजी आता बोगदा आहे. पूर्वीची वळणं आणि त्याबरोबरची उलटी दोन्ही वाचली. बाकी मुंबई-गोवा रस्त्याचं रडगाणं नव्यानं गायची गरज नाही. पहिली रात्र चिपळूणला नातलगांकडे काढली, दुसरी सावंतवाडीत. तिसऱ्या दिवशी गोवा ओलांडून कारवारला काळी नदीवर आलो. तिथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४च्या मध्यरात्री कोसळला होता आणि एक ट्रक नदीत गेला होता. ड्रायव्हरला मच्छीमारांच्या मदतीनं जिवंत बाहेर काढलं. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. ‘रामदास’ बुडाली तेव्हा रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत माणसं ओढून घेतली होती. शेजारच्या आळीतला एक पोरगा तसा वाचला होता. तो म्हातारा होईपर्यंत दर ईदला त्यांच्याकडे येत असे आणि नानीसमोर मान खाली घालून बसत असे. जणू वाचला हाच त्याचा गुन्हा.

बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. घरी आमचं बोलणं काय असतं? लाइटबिल, गोळ्या, मुलाचा फोन. गाडीत सहा दिवस एकमेकांच्या शेजारी बसलं की तेवढ्यावर भागत नाही.

एकाच किनाऱ्याची माणसं

सफरीत आम्ही जुहर-असर आणि मगरिब-इशा जोडून, कसर करून पढत होतो. चिपळूणला फजरमध्ये कुनूत ऐकला. भटकळला ऐकला, कासरगोडला ऐकला, कोळिकोडलाही ऐकला. कोकणी मुसलमान शाफई, भटकळचे नवायत शाफई, मलबारचे मापिळा शाफई. दिल्ली-लखनौकडून येणारा दीन आपल्या किनाऱ्यावर उशिरा पोचला. त्याआधी तो येमेनकडून शिडाच्या जहाजांतून आला. मदरशात लहानपणी हे ऐकलं होतं, पण चौदाशे किलोमीटर गाडी चालवल्यावर ते कानांना पटलं.

भटकळमध्ये ज्या घरी जेवलो त्यांची नवायती बोली कोकणीच्या नात्यातली. अर्धं बोलणं दुभाष्याशिवाय कळलं, उरलेलं अर्धं बिर्याणीनं समजावलं. कासरगोडला तळंगरा भागात मलिक दीनार यांच्या नावाची मशीद बघितली. ते आणि त्यांचे साथी समुद्रमार्गे आले अशी या किनाऱ्यावरची रिवायत आहे.

सर्वांत जास्त वेळ रमलो ते कोळिकोडला. कुट्टिचिरा तळ्याकाठची मिश्काल मशीद चौदाव्या शतकात एका जहाजमालक व्यापाऱ्यानं बांधली. त्याचं नाव नाखुदा मिश्काल. आपल्याकडे ज्याला ‘नाखवा’ म्हणतात, तोच हा शब्द. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी ही मशीद जाळली, पुढे ती पुन्हा उभी राहिली. वरचे मजले लाकडाचे, घुमट नाही, मिनार नाही. समोर उभं राहून ती म्हणाली, “आपल्या वाडवडिलांना पाण्याची भीती वाटली असती, तर आपण मुसलमान तरी झालो असतो का?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिथून जवळच बेपूर. चालियार नदीच्या मुखाशी ‘उरू’ नावाची मोठी लाकडी जहाजं बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या सुतार हे काम करत आले आहेत आणि आखाती देशांतून आजही मागणी येते. शेडमध्ये एका उरूची फासळी उभी होती, माणसाच्या छातीसारखी. आमच्यातला तो तिथं पंधरा मिनिटं नुसता बघत राहिला. आयुष्यभर जहाज उलट्या क्रमानं बघितलेलं: आधी पूर्ण, मग अर्धं, मग चिखलात पडलेली पट्टी. इथं पट्टीपासून सुरुवात होती. तिनं त्या फासळीवर हात ठेवला आणि म्हणाली, “एवढं जाड असतं होय?”

एक गोष्ट बायकांसाठी सांगायला हवी. महाराष्ट्रात हमरस्त्यावर पुरुषाला नमाजसाठी मशीद मिळते. बाईला गाडीतली मागची सीट नाहीतर पेट्रोल पंपाचा कोपरा. केरळात मात्र आम्ही थांबलो त्या दोन ठिकाणी मशिदीच्या बाजूला प्रवासी बायकांसाठी वेगळी खोली, वजूची सोय आणि स्वच्छ संडास होते. आपल्या हायवेवरच्या जमातींनी एवढं केलं तर फार मोठा सवाब पदरात पडेल.

धक्क्यावर

सहाव्या संध्याकाळी कोची. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लक्षद्वीपला परवाना लागतो, तो आणि जहाजाची जागा यांची तजवीज बरीच आधी करावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून सहली पावसाळा सोडून असतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. नेहमीच्या गोळ्या आणि समुद्र लागू नये म्हणून डॉक्टरला विचारून घेतलेली गोळी विसरू नये. गाडी ठेवायची व्यवस्था आधी ठरवावी. कपडे साधे असावेत.

दुसऱ्या दिवशी विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर उभं जहाज दिसलं: ‘एम. व्ही. कवरत्ती’, सुमारे सातशे प्रवासी नेणारं. बेटावरची कुटुंबं रांगेत होती. कुणाच्या हातात कांद्याची पोतडी, कुणाच्या हातात दवाखान्याच्या फायली, एका सुनेच्या कडेवर महिन्याचं बाळ. आम्ही ज्याला सहा दिवस हिंमत म्हणत होतो, ती त्यांच्यासाठी एसटी होती.

ठरल्याप्रमाणे आम्ही काही बोललो नाही. ती डिकीपाशी गेली, नारिंगी जॅकेट बाहेर काढलं, मागची तारीख वाचली. “हे संपलेलं आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं.” आम्ही मान खाली घातली. तिनं ते परत आत ठेवलं, डिकी बंद केली आणि पिशवी उचलून रांगेत जाऊन उभी राहिली.

शिडी चढताना तिनं सवारीची दुआ पढली. केबिन लहान, दोन बर्थची. लाइफ जॅकेटं तिथंच होती आणि ती कशी घालायची हे भोंग्यावरून सांगितलं. तिनं दोनदा घालून बघितलं. किनारा दिसेनासा झाला तेव्हा ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून होती. मगरिबनंतर एक हात सोडला. इशानंतर आम्ही डेकवर चहा पीत बसलो, तेव्हा दुसऱ्या हातात कप होता.

सकाळी कवरत्ती दिसलं. मोठं जहाज उथळ पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणून भर समुद्रात लहान बोटीत उतरावं लागतं. ही गोष्ट आम्हाला माहीत होती आणि तिला सांगितलीही होती, पण सांगणं वेगळं. बोट खाली-वर होत होती. ती दारात थांबली. मागं रांग अडली. खालून एका पोरानं हात वर केला आणि म्हणाला, “उम्मा, या.” त्यांच्याकडे आईला ‘उम्मा’ म्हणतात, ‘या’ हा शब्द मात्र त्यानं हातानंच सांगितला. बोट वर आली त्या क्षणी तिनं हात दिला आणि उतरली.

बेटांबद्दल पुन्हा कधीतरी. तिथल्या उजरा मशिदीचं नक्षीदार छत समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचं आहे असं सांगतात, एवढंच इथं लिहितो.

परतीचा सगळा रस्ता तोच होता, पण तो लवकर संपला. घरी आल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावर गेलो. रेवसची दोन तिकिटं काढली. तासाभराचा तर प्रवास. रेवस जवळ आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, पाण्याकडे तोंड केलं आणि नानांसाठी फातिहा पढली. लाँचमधली माणसं आपापल्या गप्पांत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या घरातलं कुणी तरी पहिल्यांदाच नानांच्या कबरीवर आलं होतं.