परमुलखातले आजारपण आणि त्याचे बिल



आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मध्यंतरी इंग्लंडला लेकाकडे गेल्या होत्या. नातवाचा बाप्तिस्मा होता आणि व्हिजा सहा महिन्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. लेकाला त्यांनी सांगितले नाही. का, तर विमानतळावर कोणी तरी सांगितले होते की, परक्याने तिथल्या इस्पितळाची पायरी चढली की घर विकायची पाळी येते. दोन दिवस ओव्याचे पाणी आणि गरम पाण्याची पिशवी एवढ्यावर काढले. तिसऱ्या रात्री अंग घामाने चिंब झाले, तेव्हा सुनेने ९९९ नंबर फिरवला. देवदयेने जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला. लावणीला वाकणे आता त्यांच्या नशिबी नाही.

त्यानंतर बिल आले. आकडा मी येथे छापत नाही. तेवढ्यात आपल्याकडे एक पॉवर टिलर येऊन वर बैलजोडी आली असती, एवढेच सांगतो. लेक हप्त्याने फेडतो आहे.

मावशींचे यजमान मला विचारत होते, "फादर, आमचा पोरगा तिथे दर महिन्याला कर भरतो. मग त्याच्या आईकडून पैसे घेणे हा कुठला न्याय?" प्रश्न साधा दिसला, तरी मी त्यावर बरेच दिवस विचार करीत होतो.

प्रथम तिकडची पद्धत कशी उभी राहिली ते पाहू. वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचे कोळसा आणि लोखंडाचे गाव आहे. तिथल्या कामगारांनी आपल्या मजुरीतून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका मंडळात टाकले आणि त्यातून डॉक्टर व औषधे मिळवली. आपल्या दूध सोसायटीसारखेच म्हणा ना. त्याच गावचा खाणकामगाराचा मुलगा अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या ब्रिटनसाठी तशीच सेवा सुरू केली. तिला एनएचएस म्हणतात. पैसा सरकारी तिजोरीतून येतो आणि दारात रोग्याकडून काही घेत नाहीत.

लगेच ओरड झाली की परदेशी लोक येऊन फुकट चष्मे आणि दात घेऊन जातात. बेव्हनचे उत्तर मला पटते. त्याचे म्हणणे असे होते की, परक्यावर होणारा खर्च थोडका आहे. परका कोण हे शोधायचे तर दारात येणाऱ्या प्रत्येकाचे कागद तपासावे लागतील आणि त्याचा जाच स्वतःच्याच लोकांना होईल. शिवाय पाहुणाही दुकानात माल घेताना कर भरतोच. तरीही १९४९ मध्ये परक्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने कायद्यात घालून घेतला. प्रत्यक्ष नियम मात्र १९८२ मध्ये आले, आणि पुढे ते कडक होत गेले.

आज इंग्लंडात नियम काय आहे, हे आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी नीट लक्षात ठेवावे. अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत जी तपासणी व उपचार होतात, ते कोणत्याही देशाच्या माणसाला फुकट आहेत. तिथून वॉर्डात दाखल केले, की पाहुण्याच्या नावाने बिल सुरू होते. ब्रिटनशी ज्या देशांचा करार नाही, त्यांच्या पाहुण्यांना २०१५ पासून ते नेहमीच्या दराच्या दीडपट लागते. भारतीय पाहुणा यातच मोडतो. जिवावर बेतले असेल तर पैशासाठी उपचार थांबवता येत नाहीत. आधी उपचार आणि बिल मागाहून. बाळंतपणालाही हाच नियम आहे. जे दुखणे थांबू शकते, त्याचे पैसे मात्र ऑक्टोबर २०१७ पासून आगाऊ मागतात. क्षयासारख्या सांसर्गिक रोगांवर पैसे घेत नाहीत, कारण रोग लपवला तर तो शेजाऱ्याच्या घरी जातो. पाचशे पौंड किंवा त्याहून अधिक बिल दोन महिन्यांहून अधिक काळ थकले, तर पुढे व्हिजा नाकारला जाऊ शकतो. शिक्षणाला किंवा नोकरीला जाणारे व्हिजाबरोबरच आरोग्याची रक्कम भरतात (फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्यांना ती वर्षाला १,०३५ पौंड आहे), म्हणून त्यांना वेगळे बिल येत नाही. पाहुणा ही रक्कम भरत नाही.

म्हणजे मावशींना भीती वाटली ती सगळीच खोटी नव्हती. पण पहिल्या दुपारी त्या कॅज्युअल्टीत गेल्या असत्या, तर तपासणीला एक पेनीही लागली नसती. आणि तेव्हाच निदान झाले असते, तर हृदयाचे एवढे नुकसान बहुधा झाले नसते.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येतो. सोसायटीचा सभासद दूध घालतो म्हणून त्याच्या मेहुण्याला बोनस मिळत नाही. लेकाचा कर लेकाचा. पाहुण्याने आपल्या औषधपाण्याचा खर्च द्यावा, यात मला अन्याय दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी आठवा. जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेले आणि मालकाच्या हाती दोन चांदीची नाणी ठेवली. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचे तेच एक नाणे मिळते; तेव्हा दोन दिवसांची मजुरी झाली. मालकाने पैसे घेतले म्हणून प्रभूने त्याला दोष दिला नाही. दोष आला तो बघून पुढे निघून गेलेल्या दोघांकडे. आणखी एक गोष्ट, जी प्रवचनात मीही अनेकदा विसरलो आहे: जास्त खर्च झाला तर परत येताना देतो, असे शोमरोनी म्हणाला. म्हणजे उधारी झाली, आणि तीही एका परक्याची.

मला खटकते ते दीडपट. शेजारच्या गावचा बैल आपल्या विहिरीत पडला, तर आपण आधी दोर टाकतो आणि मग मालक विचारतो. दोर तुटला तर दोराची किंमत मागणे रास्त आहे. दीड दोराची मागणे मला रास्त वाटत नाही. आणि बिलाची दहशत एवढी पसरू नये की बैलाने हंबरायचेच सोडून द्यावे.

आपला देशही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. १९९२ मध्ये बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी इस्पितळात पदरचे पैसे मोडावे लागले. पश्चिम बंग खेत मजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये निकाल लागला की, वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा सरकारी इस्पितळाकडून घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग आहे. त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की, जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार मागाहून. एकविसाव्या कलमात शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर मोटारसायकलवरून पडलेला रशियन पर्यटकही त्यात येतो.

आणि परका म्हणजे नेहमी गोराच असतो असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने राज्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सिंधुदुर्गातले लोक आंदोलनाला बसले होते. पिढ्यान् पिढ्या बांबोळीला जाणारी ही माणसे एका दिवसात पाहुणी ठरली. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तर ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय निघू नका. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिजाला तीस हजार युरोचा विमा सक्तीचा आहे. ब्रिटनला सक्ती नाही, म्हणून बरेच जण तो टाळतात, आणि फसतात. विमा काढताना साखर आणि रक्तदाब लपवू नका. हप्ता थोडा कमी बसतो खरा, पण दाव्याच्या वेळी कंपनी नेमके तेच कागद बाहेर काढते. आधीपासूनच्या आजाराला किती संरक्षण आहे, हे विचारून घ्या. पुष्कळ पॉलिसींत ते अगदी तुटपुंजे असते. गोळ्यांची नावे डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घ्या आणि तो कागद पासपोर्टबरोबर ठेवा. इस्पितळात दाखल झालात तर विमा कंपनीला लगेच फोन करा. आणि छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर लेकाला ताबडतोब सांगा. ओवा घरी परत आल्यावर खाता येईल.

या उन्हाळ्यात आपल्यातली तीन कुटुंबे मुलांकडे जायची आहेत असे कळले. पॉलिसीचा कागद समजत नसेल तर रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर तो घेऊन या, आपण मिळून वाचू. चष्मा बरोबर आणा. अक्षर फार बारीक असते.