स्लॅबच्या दिवशी साइटवर कोण?

खानदेशातील व्यापारी घराण्यांना बांधकामाचा धंदा परका नाही. जळगाव वा धुळे येथे सिमेंट-लोखंडाची पेढी चालवणारी एक पिढी पुढे स्वतःच भूखंड घेऊन इमारत उभारू लागते. भांडवल घरचे, खरेदीतली जाण घरची, हिशेब तर अंगवळणीच पडलेला. उणीव राहते ती एकाच ठिकाणी : गोदामातून निघालेला माल कॉलममध्ये जाईपर्यंत त्याच्यावर नजर कोणाची? बहुधा ती ठेकेदाराच्या मुकादमाची असते. आणि मुकादमाचा हिशेब काम लवकर उरकण्याचा असतो.

साइट सुपरवायझर होणे हे याच मधल्या जागेचे शिक्षण आहे. दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका हा त्याचा सरळ मार्ग. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत. ज्याला लवकर हाताला काम हवे, त्याने आयटीआयमधील ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा सर्व्हेअर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. तो उत्तीर्ण झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट खुली राहते. नकाशा वाचणे, लेव्हल लावणे, मोजमाप काढणे हे वर्गात शिकता येते. पुढचे मात्र उन्हातच शिकावे लागते.

याचे एक मोठे उदाहरण खानदेशच्याच मातीत आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीत पहिले आले आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते धुळे भागात पांझरेच्या प्रवाहापलीकडे पाणी नेणारा नळांचा सायफन. पावसाळ्यामुळे काम अडले. ते पुढे ढकलावे, असे या तरुण अधिकाऱ्याने कळवले, ते वरिष्ठांना रुचले नाही. अखेर त्याच अडचणींतून मार्ग काढून त्यांनी ते पुरे केले. परीक्षेतील पहिल्या क्रमांकालाही नदीकाठी उमेदवारी चुकली नाही.

आज साइटवर शिकायचे ते काय? पेढीवर वाढलेल्या मुलाला काही गोष्टी झटकन उमगतात. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून 162 ने भागला की एक मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरची 12 मीटर सळई साधारण 10.66 किलो भरते. गाडी उतरताना हा हिशेब उपयोगी पडतो. पण वाळूचे माप त्याला फसवते. ओलसर वाळू फुगते, कधी पाव हिश्शाहूनही अधिक. घमेली तितकीच पडतात आणि वाळू मात्र कमी जाते. पाण्याचे तर याहून बिकट. साध्या एम-20 काँक्रीटला 50 किलोच्या गोणीमागे 25 ते 27 लिटर पाणी पुरते, वाळूतला ओलावा धरून. माल सैल झाला की ओतणे सोपे जाते, म्हणून बिगारी आणखी एक बादली ओततो. ती बादली अडवणे हेच सुपरवायझरचे पहिले काम, आणि अप्रियही.

दुसरे काम छज्जा व बाल्कनीचे. येथे मुख्य सळई वरच्या बाजूस लागते, कारण ताण वरून येतो. काँक्रीट ओतताना माणसे तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते, आणि वरून गुळगुळीत घोटलेल्या बाल्कनीत हा दोष कोणालाही दिसत नाही. तो दिसतो सेंट्रिंग खोलल्यावर, किंवा काही वर्षांनी, खाली कोणी उभे असताना. यासाठी सळईखाली खुर्च्या दिल्या आहेत का, हे ओतण्याआधी वाकून पाहणारा माणूस हवा. सेंट्रिंगचेही तसेच. साध्या सिमेंटच्या बाबतीत सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू 14 दिवस, त्याहून लांब असल्यास 21 दिवस ठेवावेत, असे आयएस 456 सांगते. दुसऱ्या मजल्यासाठी फळ्या हव्यात म्हणून दहाव्या दिवशी टेकू मागणारा ठेकेदार प्रत्येक साइटवर भेटतो.

खानदेशाच्या काही अडचणी पुस्तकात थोडक्यातच येतात. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकला की दुपारचे काँक्रीट मिक्सरमधून निघताच आवळू लागते. म्हणून ओतणे पहाटे किंवा संध्याकाळी, आणि पृष्ठभाग ओल्या गोणपाटाखाली किमान दहा दिवस. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरवरच्या पायावरच्या भिंती तिच्याबरोबर हलतात. त्याच मातीत दीड मीटरहून खोल चर आधाराशिवाय खणला आणि रात्री पाऊस झाला, तर सकाळी त्यात मजूर उतरवू नये. एवढे सांगण्याचा अधिकार सुपरवायझरला मालकाने आधीच, सर्वांदेखत दिलेला असावा. मालकाचा मुलगा असला तरी.

जुन्या पेढ्यांत मुलगा गादीवर बसण्याआधी दुसऱ्याच्या दुकानी वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करी. पदविका घेतलेल्या मुलाला बांधकामातही तीच वाट बरी. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्ष विद्यावेतनावर शिकताही येते. परक्या साइटवर त्याला कोणी शेठ म्हणत नाही. संध्याकाळी रोजमेळासारखीच साइटची वही लिहावी लागते : किती गोण्या आल्या, किती लागल्या, किती गवंडी, किती बिगारी, कोणत्या कॉलमचे काँक्रीट झाले, त्याचे चाचणीचे ठोकळे कोणत्या क्रमांकाने भरले. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते ठोकळे प्रयोगशाळेत फुटतात, तेव्हा त्या दिवशीचे पान उघडले जाते.