आधी रक्ताची तपासणी, मग बी-१२चं इंजेक्शन

‘डॉक्टर, फार थकवा येतो हो, ताकदीचं एखादं इंजेक्शन द्या ना.’ कुठल्याही गावातल्या दवाखान्यात थोडा वेळ बसलं, तर हे वाक्य कानावर पडतंच. मग पुष्कळदा लाल रंगाचं एक इंजेक्शन दिलं जातं. ते असतं ब जीवनसत्त्वांचं. काही जणांना त्याने खरोखर नवी उभारी येते. बाकीच्यांची फक्त कंबर दुखते. असं का होतं, आणि आपल्याला ते घ्यायचं असेल तर कोणत्या क्रमाने जावं, हे नीट समजून घेऊ.

ब जीवनसत्त्वं एकूण आठ आहेत. त्यांतली बहुतेक धान्य, डाळी, भाज्या, शेंगदाणे यांतून मिळतात, त्यामुळे दोन वेळा नीट जेवणाऱ्या माणसाला त्यांची मोठी कमतरता सहसा होत नाही. बी-१२चं मात्र तसं नाही. हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्म जिवाणू तयार करतात, आणि ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मटण अशा प्राणिज पदार्थांतून पोचतं. पालेभाजीत, कडधान्यात, फळांत ते नसतं. म्हणून ‘मी तर रोज भरपूर भाज्या खातो’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

शरीरात बी-१२ची दोन मोठी कामं आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी नीट तयार होण्यासाठी ते लागतं, आणि नसांवरचं आवरण शाबूत राहण्यासाठीही लागतं. पहिलं काम बिघडलं की रक्त कमी होतं, जिना चढताना धाप लागते, दुपारी अंग गळून जातं. दुसरं बिघडलं की तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. जीभ लाल, गुळगुळीत होऊन झोंबणं आणि बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडणं याही खुणा आपल्याकडे बऱ्याच दिसतात.

पहिली पायरी म्हणजे आपण धोक्याच्या गटात आहोत का ते पाहणं. शुद्ध शाकाहारी, माळकरी, जैन घरातली माणसं यात येतात. दूधही न घेणारे तर नक्कीच. साठीपुढची माणसं येतात, कारण वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी होतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे येतात. पित्तासाठी रोज सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारेही येतात, आणि त्यांतल्या अनेकांना याची कल्पनाच नसते. जठराची किंवा लहान आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर हे कायमचं लक्षात ठेवायला हवं.

आम्लाचा इथे काय संबंध? अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरातच तयार होणारं एक वाहक प्रथिन, ज्याला डॉक्टर ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणतात, त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं. तिथे ते शोषलं जातं. या मार्गाने एका जेवणात जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) मोठ्या माणसाची दिवसाची गरजही दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२चा मोठा साठा असतो, दोन ते पाच मिलिग्रॅमचा. तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे एरवी मासे-मटण खाणाऱ्याने चातुर्मास पाळला, तर चार महिन्यांत बी-१२ संपून थकवा येत नाही. पण याच साठ्यामुळे कमतरता हळूहळू, नकळत वाढते, आणि माणूस ‘आता वय झालं’ म्हणून गप्प बसतो.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिलं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास त्यांनी १९९३मध्ये सुरू केला. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, जवळपास दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. म्हणजे शंका घ्यायला आपल्याकडे भरपूर जागा आहे. मात्र शंका आली म्हणून लगेच सुई टोचून घ्यायची नाही.

दुसरी पायरी तपासणीची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रक्त इंजेक्शनच्या आधी द्यायचं. एक जरी इंजेक्शन घेतलं, किंवा बी-१२च्या गोळ्या सुरू केल्या, तरी रक्तातला आकडा वर जातो आणि मूळची कमतरता झाकली जाते. मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पण आजार होता की नव्हता, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. आपण आधीच काही घेत असाल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. हे बी-७ जीवनसत्त्व काही यंत्रांवरच्या बी-१२ आणि थायरॉइडच्या चाचण्या चुकवतं.

नुसतं बी-१२ तपासून थांबू नका. थकव्याला कारणं अनेक असतात. लोहाची कमतरता, थायरॉइड मंद होणं, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, जुनाट संसर्ग, झोपेत श्वास अडखळणं, मनाची उदासी. म्हणून हिमोग्रामबरोबर फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी चाचणी), टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि साखर पाहण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, तर ताकदीच्या इंजेक्शनात एक आठवडाही घालवू नका.

आता रिपोर्ट वाचू. बी-१२ सहसा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात देतात. साधारण २००च्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. इथे डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलॉनिक आम्ल तपासायला सांगू शकतात. पेशींना बी-१२ कमी पडलं की हे दोन्ही पदार्थ रक्तात साचतात. काही प्रयोगशाळा पिकोमोल प्रति लिटर असं माप देतात; त्यात २००चा आकडा १४८च्या आसपास दिसतो. आकडा पाहून घाबरण्याआधी बाजूचं माप वाचा.

हिमोग्राममध्ये ‘एमसीव्ही’ नावाची ओळ असते. ते तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १००च्या वर जातो. पण आपल्याकडे, विशेषतः बायकांत, लोहही कमी असतं, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात. दोन्ही एकत्र असलं की सरासरी अगदी मधोमध, निर्दोष दिसते. एमसीव्ही ठीक आहे म्हणून बी-१२ ठीक असेल, असं धरू नका.

पेशी मोठ्या असण्याचं दुसरं कारण फोलेटची, म्हणजे बी-९ची, कमतरता. फोलेट ओळखलं गेलं त्यात मुंबईचा वाटा आहे. ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८मध्ये मुंबईत आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने, बाजारात मार्माइट म्हणून मिळणाऱ्या साध्या पदार्थाने, त्या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. दुसरीकडे अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी हे डॉक्टर रक्तक्षयाच्या एका जीवघेण्या प्रकारावर रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालत होते. १९२६मध्ये त्यांनी तो उपाय मांडला आणि १९३४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यकृतातलं ते द्रव्य, म्हणजे बी-१२, वेगळं काढायला मात्र १९४८ उजाडलं.

हा इतिहास सांगायचं कारण व्यावहारिक आहे. फोलेट आणि बी-१२ यांच्या कमतरतेत रक्त सारखंच दिसतं, पण नसा बी-१२अभावी खराब होतात. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि आत नसांची हानी चालूच राहते. फोलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. त्यांच्याबरोबर बी-१२ही तपासून घ्यायचं.

तिसरी पायरी: गोळी की इंजेक्शन? इंजेक्शन म्हणजे ‘जोरदार’ आणि गोळी म्हणजे ‘हलकी’ हा समज चुकीचा आहे. एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर वाहक प्रथिन नसतानाही त्यातला साधारण एक टक्का आपोआप आतड्यातून झिरपतो. एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. म्हणून साध्या कमतरतेत जास्त मात्रेची रोजची गोळी बहुतेकांना पुरते. शर्त एकच, ती रोज घेतली पाहिजे. मुंग्या, तोल जाणं अशी नसांची लक्षणं असतील, रक्त फारच कमी असेल, उलट्या-जुलाब चालू असतील, किंवा गोळ्या नेमाने होणार नसतील, तर इंजेक्शन योग्य.

दुकानात मिथाइलकोबालामिन, सायनोकोबालामिन, हायड्रॉक्सोकोबालामिन अशी नावं दिसतील. ही सगळी बी-१२चीच रूपं. पेशीत गेल्यावर शरीर त्यांचं हवं तसं रूपांतर करून घेतं. महागडं मिथाइल रूप साध्या कमतरतेत अधिक गुणकारी असतं, असं सिद्ध झालेलं नाही. कुटुंबात लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार असेल, तर सायनोकोबालामिन टाळतात. हे आधी सांगायला हवं.

आता इंजेक्शनचा दिवस. अँपूल बहुधा गडद तपकिरी काचेची असते, कारण उजेडाने बी-१२ खराब होतं. आतलं औषध लाल दिसतं ते बी-१२च्या रेणूतल्या कोबाल्टमुळे. त्या रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. मुदतीची तारीख पाहा, सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असू द्या. दंडात किंवा कमरेवर स्नायूत देतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा आधी कधी इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर टोचण्याआधी बोला, आणि नंतर थोडा वेळ दवाखान्यातच बसा. गंभीर ॲलर्जी क्वचित येते, पण येऊ शकते. मेडिकलच्या काउंटरवर किंवा घरी कुणाकडून टोचून घेऊ नका.

वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. सर्वसाधारण पद्धत अशी, की सुरुवातीला एक-दोन आठवडे दररोज किंवा दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, मग महिन्याला एक. एकदम मोठं इंजेक्शन घेऊन काम भागत नाही, कारण जास्तीचं बी-१२ लघवीवाटे निघून जातं. लोक सर्वांत जास्त चुकतात ते दोन-तीन इंजेक्शनांनंतर. बरं वाटायला लागलं की जाणं थांबतं. रक्त सावरलेलं असतं, यकृताचा साठा मात्र रिकामाच राहतो, आणि काही महिन्यांत सगळं परत येतं.

किती दिवसांत फरक पडतो? खरी कमतरता असेल तर आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होऊ लागतात आणि उत्साह वाटू लागतो. हिमोग्लोबिन जागेवर यायला साधारण दोन महिने लागतात. नसांना मात्र वेळ लागतो, सहा महिने, कधी वर्ष. फार उशीर झाला असेल तर थोड्या मुंग्या कायमच्या राहतात. रक्त अतिशय कमी असलेल्यांमध्ये उपचार सुरू होताच पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जावेत.

आणि बी-१२ पुरेसं असेल तर? मग इंजेक्शनने थकवा जात नाही. टोचल्यावर दोन दिवस बरं वाटतं त्याला आराम, काळजी घेतली गेल्याचं समाधान आणि थकव्याचे नैसर्गिक चढउतार कारण असतात. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी गर्द पिवळी होते ती बी-२मुळे. ताकद आल्याची ती खूण नाही. बी-६कडे मात्र लक्ष ठेवा. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं आणि पायांना मुंग्या आणतं. ज्या मुंग्यांसाठी गोळ्या घेतल्या, त्याच गोळ्यांनी त्या वाढवायच्या, असं होऊ नये म्हणून पाकिटावरची बी-६ची मात्रा डॉक्टरांना दाखवा.

शेवटची पायरी पुढच्या काळाची. शाकाहारी असाल तर रोज दूध, दही, ताक, पनीर पोटात जाऊ द्या. अंडं चालत असेल तर तेही. कोकणात, गोव्यात ज्यांच्या ताटात बांगडा आणि तिसऱ्या असतात त्यांना ही चिंता कमी. स्पिरुलिनातलं बहुतेक ‘बी-१२’ आपल्या शरीराला वापरताच येत नाही, आणि इडली-आंबील आंबवल्याने भरवशाचं बी-१२ मिळत नाही. कमतरतेचं कारण कायमचं असेल, जसं की जठराची शस्त्रक्रिया, तर उपचारही कायमचे. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून थांबवू नका. वर्षातून एकदा बी-१२ तपासा.

घरात आई, सासरे, आजोबा मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी बरीच वर्षं घेत असतील आणि हल्ली चालताना भिंतीचा आधार शोधत असतील, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना बी-१२ची तपासणी आपणच मागून घ्या, आणि ती इंजेक्शनच्या आधी होईल हे पाहा.