वजन वाढतंय, मग काळजी कसली?

लोणार तालुक्यातल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला बाळांचं वजन होतं. काटा पुढे सरकला की आई, आजी आणि सेविकाताई तिघींचाही जीव भांड्यात पडतो. कुपोषणाची धास्ती असलेल्या भागात ते साहजिकच आहे. पण अंगानं गुटगुटीत बाळ नजरेला नजर देत नसेल, तर ते काट्यावर दिसत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या आलेखासोबत बाळ कधी हसतं, कधी बसतं, कधी बोलतं हेही दिलेलं असतं. ते वाचायचं राहून जातं, आणि स्वमग्नता म्हणजे ऑटिझमची पहिली चिन्हं नेमकी तिथेच निसटतात.

‘याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता.’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्याचाच सर्वांत मोठा फटका बसतो. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात, पुढे सावरतातही. पण अशी मुलं शब्दांवाचून पुष्कळ काही सांगत असतात. दारात बैल दिसला की बोट दाखवतात, मग ‘तू पाहिलास ना?’ म्हणून आईकडे वळून बघतात. हे बोट दाखवणं आणि वळून बघणं शब्दांइतकंच महत्त्वाचं आहे. वर्षाचं बाळ बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांचं होऊनही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नये. (ऐकलेली जाहिरात जशीच्या तशी म्हणणं यात धरायचं नाही.) आधी येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, लगेच दाखवावं. यातल्या एखाद्या गोष्टीवरून ऑटिझम ठरत नाही. तपासणी मात्र करायलाच हवी.

तपासणीची सुरुवात कानापासून होते. भांडं पडल्यावर मूल दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं घरी धरून चालतात. पण अर्धवट बहिरेपण असलेलं मूलही मोठ्या आवाजाला दचकू शकतं.

मुलींच्या बाबतीत वेगळीच गफलत होते. मुलग्यांमध्ये निदान तीन-चार पट जास्त होतं हे खरं. पण कोपऱ्यात एकटीच बसून झाकणं रांगेत लावणारी मुलगी ‘गुणी’ ठरते आणि तिची शंकाही कोणाला येत नाही.

‘लस दिली आणि बोलणं थांबलं.’ ही भीती १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका निबंधानं पसरवली. त्यात अवघी १२ मुलं होती. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात गोवर-गालफुगी-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. ऑटिझमची चिन्हं ठळक होण्याचं वयही तेच, म्हणून दोन्ही गोष्टी मनात जोडल्या जातात.

दोष आईवरही येतो. आईच्या कोरडेपणामुळे हे होतं, असं एके काळी अमेरिकेतले मानसतज्ज्ञसुद्धा म्हणत. ते केव्हाच खोटं ठरलं. या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइलमुळेही ऑटिझम होत नाही. तरी दोन वर्षांपर्यंत मुलाला पडदा दाखवूच नये, कारण त्या वेळात माणसांशी होणारं बोलणं बुडतं. कमळजा मातेला नवस जरूर बोलावा, पण उताऱ्यापाताऱ्यात महिने घालवू नयेत. स्टेम सेलच्या जाहिरातींपायी तर शेत गहाण टाकूच नये: ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

‘मुंबई-पुण्याला नेल्याशिवाय काही होत नाही’ हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो आई-वडिलांचे हातपाय गाळतो. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं होतं. आई-वडील मुलाशी खेळत असतानाचं चित्रीकरण करायचं, मग ते त्यांच्याच सोबत बसून पाहायचं: मुलानं इथे तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही घाई केलीत, इथे थोडं थांबलात आणि त्यानं हात पुढे केला. सहा महिन्यांत अशा बारा बैठका ठरवल्या होत्या. आई-वडील मुलाच्या कलानं बोलू लागले आणि मुलंही स्वतःहून संवाद सुरू करू लागली. ऑटिझम ‘बरा’ झाला नाही. तो आजारच नव्हे. पण मुलाला आपलं म्हणणं पोचवण्याची वाट सापडली.

लोणारमध्ये सुरुवात अंगणवाडीपासूनच करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं, अशी योजना आहे. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा ऊसतोडीला गेल्यामुळे ती तारीख चुकली, तर आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र झाल्यावर ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं.

जाताना मुलाच्या घरातल्या खेळण्याचा, जेवण्याचा, हाक मारल्यावर काय करतं त्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जावा. दवाखान्यात अनोळखी माणसं पाहून मूल रडतं आणि डॉक्टरांना जे पाहायचं असतं ते राहून जातं.