एकट्या दुकानदाराचा न थकणारा मुनीम

नंदुरबारचा मिरची-मसाल्याचा व्यापारी माल घेऊन तोरणमाळचा घाट चढत आहे. रेंज गेली आणि ग्राहकाने भाव विचारला, तर उत्तर कोण देणार? २०१८ साली भारतात आलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपोआप निरोप ठेवता येतो. पण फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच तो जातो. २०२२ पासून सर्व व्यापाऱ्यांना खुल्या असलेल्या क्लाऊड सेवेत हे काम दूरच्या संगणकावर चालते. तिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट जोडल्यास तो मालाची यादी पाहून उत्तर देतो, ऑर्डर नोंदवतो. जाहिरात मात्र संमती दिलेल्या ग्राहकालाच पाठवावी. भाव रोज आपणच भरावेत; उधारी व सवलत एजंटावर सोडू नये. यंत्राने दिलेला शब्दही ग्राहक दुकानदाराचाच मानतो.