अतज्जात मालाचा दंड

कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नांवाच्या चौथ्या अधिकरणांत व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांतील ‘अतज्जात’ या एका शब्दाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकणें हा अतज्जात विक्रय होय. माल पणाहून कमी किंमतीचा असल्यास ५४ पण, एक पणाचा असल्यास त्याच्या दुप्पट, व दोन पणांचा असल्यास २०० पण दंड सांगितला आहे. इतक्या जबर दंडाचें कारण, आमच्या मतें, त्याच ग्रंथांत सांपडतें. उत्तम सुती कापडाच्या यादींत मधुरा, काशी, कलिंग यांबरोबर अपरान्त, म्हणजे आपलें कोंकण, येतें. स्थलनामावरून मालाची प्रत ठरे, तेथें नामचौर्याचा लोभ असणारच.

यावरून १९९९ च्या भौगोलिक निर्देशांच्या कायद्याचें मूळ येथें आहे असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नव्या कायद्याखालीं पैठणीच्या नांवावर उत्पादकांचा हक्क नोंदला गेला. कौटिल्याच्या या नियमांत कोंकणच्या विणकरास फिर्यादीचा हक्क सांगितलेला नाहीं. तेथें रक्षण गिऱ्हाइकाचें आहे, कारागिराचें नव्हे. हा भेद ध्यानांत ठेवूनच तुलना करणें युक्त होय.